‘प्रभूने सांगितलं’ हा पुरावा नव्हे

मुंबईच्या उपनगरांत, वसईत, गोव्यात, कॅथलिक प्रार्थनागटांमध्ये एक वाक्य आता सर्रास ऐकू येतं: ‘प्रभूने मला सांगितलं.’ फ्लॅट कुठे घ्यायचा, मुलीचं लग्न कोणाशी ठरवायचं, मुलाने सेमिनरीत जायचं की कॉलेजात, मधुमेहाची गोळी चालू ठेवायची की बंद करायची, अशा कुठल्याही प्रश्नावर हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढचं बोलणं खुंटतं. देवाशी वाद कोण घालणार? बोलणारा बहुधा लबाड नसतो. त्याच्या मनात काहीतरी खरोखर हललेलं असतं. पण त्या वाक्यामागे एक शिकवण उभी आहे आणि प्रश्न त्या शिकवणीचा आहे.

ती शिकवण थोडक्यात अशी. खरा ख्रिस्ती माणूस रोज, प्रत्येक लहानमोठ्या बाबतीत, देवाचा आवाज थेट ऐकतो. ज्याला तो ऐकू येत नाही त्याची श्रद्धा कच्ची. त्याची रविवारची मिस्सा आणि रात्रीची जपमाळ म्हणजे नुसती सवय. आणि आवाज ऐकल्यावर थांबणं, कोणाला विचारणं, डोकं चालवणं म्हणजे अविश्वास. ही शिकवण कॅथलिक परंपरेतून आलेली नाही. संतांच्या चरित्रांत, धर्मग्रंथात आणि चर्चच्या कायद्यात नेमकं याच्या उलट लिहिलेलं आहे. शिवाय ती साध्या, श्रद्धाळू माणसांचं नुकसान करते, म्हणून तिला स्पष्ट उत्तर देणं भाग आहे.

देव बोलतो की नाही, हा इथला वाद नाही. देव माणसाशी बोलतो यावर तर संपूर्ण ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. ते नाकारलं तर अब्राहामापासून मरियेपर्यंत कोणाचीच कथा उरत नाही. कॅरिस्मॅटिक चळवळीलाही इथे झोडपायचं नाही. 1967 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांच्या रिट्रीटमधून ही कॅथलिक चळवळ सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात मुंबईत पोचली. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये तिच्या प्रतिनिधींचं स्वागत केलं. या चळवळीने सामान्य कॅथलिकाच्या हातात बायबल दिलं आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करण्याचं धाडस दिलं. केरळातल्या मुरिंगूरच्या रिट्रीट सेंटरला जाऊन आलेल्या आणि दारू कायमची सोडलेल्या माणसांची घरं महाराष्ट्रातही आहेत. हे ऋण मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

आता धर्मग्रंथ काय सांगतो ते पाहू, कारण ‘प्रभूने सांगितलं’वाले आधी त्याचाच हवाला देतात. त्यांची आवडती कथा बाल शमुवेलाची. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या मुलाला रात्री हाक येते. तीनदा येते आणि तिन्ही वेळा तो धावत जातो म्हाताऱ्या एलीकडे, कारण त्याला वाटतं एलीनेच बोलावलं. ही हाक कोणाची असावी हे एलीच्या लक्षात येतं आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं हे तोच मुलाला शिकवतो. रिट्रीटमध्ये कथा बहुधा इथेच संपते. तिचं मर्म मात्र पुढे आहे. शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. एलीची दृष्टी मंदावलेली, त्याचे मुलगे भ्रष्ट, आणि तरीही आवाज ओळखायला देवाने त्या मुलाला त्याच एलीकडून शिकवलं. धर्मगुरू चुकणारा असतो म्हणून त्याला विचारण्याची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांना ही कथा उत्तर देते. आणि शमुवेलाने काय केलं? तो निरोप घेऊन एलीच्या अंगावर धावून गेला नाही. सकाळपर्यंत पडून राहिला, उठून रोजच्यासारखी मंदिराची दारं उघडली आणि जे ऐकलं ते सांगायला घाबरला. एलीने खोदून विचारलं तेव्हाच बोलला. देवाचा आवाज ऐकलेल्या मुलाची ही भीती आजच्या प्रार्थनासभांत फारशी दिसत नाही.

एलियाचंही तसंच. होरेब डोंगरावर वारा आला, भूकंप झाला, आग आली आणि त्यांत देव नव्हता; मग आला एक हलका, जेमतेम ऐकू येणारा स्वर. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी काय झालं ते कोणी सांगत नाही. खचलेला एलिया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. आणि त्या हलक्या स्वरानंतर त्याच्या वाट्याला कसली तंद्री आली नाही, कामं आली: आल्या वाटेने परत जा, हजाएलाला अभिषेक कर, येहूला कर, आणि तुझ्या जागी अलीशाला नेम. स्वतःचा वारस नेमण्याची आज्ञा ज्या आवाजाने दिली, त्याने एलियाला मोठं केलं नाही, कामाला लावलं.

संत पौलाचं नाव तर प्रत्येक सभेत घेतलं जातं, कारण आत्म्याच्या दानांची यादी त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. पण चौदावा अध्याय त्याच पत्रात आहे. तिथे पौल नियम घालून देतो: संदेश सांगणाऱ्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकाकरांनाही तो सांगतो की संदेश तुच्छ लेखू नका, पण सगळं पारखून घ्या. पारखणं हा अविश्वास असता तर ती आज्ञा खुद्द पौलाने दिली नसती.

या पारखीचं शास्त्र ज्याने सगळ्यांत नेमकेपणाने मांडलं त्या संत इग्नाशियस लोयोलाचं आयुष्य इथे जरा सविस्तर पाहायला हवं. 1521 च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या, ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं होती. दोन्ही प्रकारची स्वप्नं तो तासन्तास रंगवू लागला, कधी दरबारातल्या एका स्त्रीची मर्जी जिंकण्याची, कधी संतांसारखं आयुष्य जगण्याची. रंगवताना दोन्ही तितकीच गोड वाटत. फरक नंतर पडे: पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं आणि बेचैन, दुसरं ओसरल्यावरही मन प्रसन्न. इग्नाशियसची सगळी विवेकदृष्टी या निरीक्षणातून उगवली. त्याच्या कानात कोणी बोललं नव्हतं. त्याने स्वतःच्या मनावर लक्ष ठेवलं, आणि तेही त्या क्षणाच्या भरावर न जाता मागाहून उरणाऱ्या चवीवर.

पण एवढ्याने तो शहाणा झाला नाही, आणि हे त्याने स्वतःच्या आठवणींत लपवलं नाही. मोन्सेरातच्या वाटेवर त्याला एक मुसलमान प्रवासी भेटला. मरियेच्या कौमार्यावरून दोघांत वाद झाला आणि तो प्रवासी पुढे निघून गेला. त्याला गाठून खंजीर खुपसावा की नाही, हे इग्नाशियसला ठरवेना. शेवटी त्याने आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला: ते गावाच्या वाटेला वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. खेचर हमरस्त्याने गेलं आणि एक खून टळला. देवाची इच्छा जाणण्याची ही रीत, आणि डोळे मिटून बायबल उघडून ज्या ओळीवर बोट पडेल तिला देवाचं उत्तर मानणं, यांत फारसा फरक नाही. पुढे इग्नाशियसने ही घटना सांगितली ती आपण तेव्हा किती अज्ञानी होतो, हे दाखवण्यासाठी.

मानरेसा गावी तर त्याला हवेत एक अतिशय सुंदर, सर्पासारखी आकृती वारंवार दिसे, डोळ्यांसारख्या अनेक ठिपक्यांनी चमकणारी. ती पाहून त्याला सुख वाटे. ती देवाकडून आलेली नाही हे त्याला पुष्कळ नंतर कळलं. सुख वाटलं म्हणून ते देवाचं, ही खूण ज्याने जाहीरपणे खोटी ठरवली तोच हा संत.

सगळ्यांत बोलकी गोष्ट बार्सिलोनातली. 1524 साली, तेहतीस वर्षांचा इग्नाशियस शाळकरी पोरांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसला. धातू पाठ करायला घेतले की मनात आध्यात्मिक साक्षात्कारांचा पूर लोटे, इतका की धडा पाठच होईना. आजच्या एखाद्या प्रार्थनागटात अशा माणसाला लगेच माईक देतील. इग्नाशियसने वेगळाच प्रश्न केला: प्रार्थनेत आणि मिस्सेत असताना जे येत नाही, ते नेमकं व्याकरणाच्या वेळी का येतं? हा मोह आहे असं त्याने ठरवलं, गुरुजींना चर्चमध्ये नेलं आणि वचन दिलं की बार्सिलोनात खायला भाकर आणि प्यायला पाणी मिळतंय तोवर येती दोन वर्षं एकही पाठ चुकवणार नाही. पूर थांबला. रोजचं कर्तव्य बुडवायला लावणारा पवित्र अनुभव देवाचा नसावा, अशी शंका घेण्याचं बळ त्याच्यात होतं.

याच माणसाच्या एका निर्णयामुळे गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर मिळाला, आणि तो निर्णय कसा झाला हे जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी धर्मप्रचारक मागितले होते. इग्नाशियसने आपल्या सोबत्यांतून निवडले सिमाव रॉद्रिगेश आणि निकोलस बोबादिया हे दोघे. झेवियरचं नाव यादीत नव्हतंच. तो रोममध्ये चिटणिसाचं काम करत होता. बोबादिया आजारी पडला. राजाचा दूत निघायच्या तयारीत, थांबायला वेळ नाही. इग्नाशियसने झेवियरला विचारलं, झेवियर तयार झाला, फाटके कपडे शिवून घेतले आणि 1540 च्या मार्चमध्ये दुसऱ्याच दिवशी रोम सोडलं. 6 मे 1542 रोजी तो गोव्यात उतरला. आशियातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास बदलणारी ही हाक एका सहकाऱ्याच्या आजारपणातून आणि वरिष्ठाच्या एका प्रश्नातून आली. झेवियरने त्यातच देवाचा आवाज ऐकला.

बायबल डोळे मिटून उघडणारे संत ऑगस्टिनचं नाव घेतात. 386 साली मिलानच्या बागेत एका मुलाचा आवाज त्याच्या कानी पडला, त्याने पौलाची पत्रं उघडली आणि त्याचं आयुष्य पालटलं, हे खरंच आहे. पण त्या क्षणामागे कित्येक वर्षांचा शोध होता, बिशप अँब्रोजची प्रवचनं होती, आई मोनिकाचे अश्रू होते. आणि ती ओळ त्याला कुठला धंदा करावा हे सांगत नव्हती; जे पाप सोडायचं त्याला माहीत होतं आणि सोडवत नव्हतं, तेच सोडायला सांगत होती. पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टिनने जानुआरियस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याच्या प्रथेबद्दल नापसंती नोंदवली. भुताखेतांना विचारण्यापेक्षा ते बरं, पण संसारातल्या भानगडींसाठी देवाचं वचन असं वापरणं आपल्याला आवडत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. ज्याला साक्षीला बोलावलं त्यानेच विरुद्ध साक्ष दिली.

स्पेनच्या दोन कार्मेल संतांची साक्ष तर आणखी कडक आहे. आविलाच्या संत तेरेसाला आवाज ऐकू येत, दर्शनं होत. त्यामुळे हे सगळं भ्रम आहे असं ती म्हणण्याची शक्यताच नाही. तरीही 1577 साली लिहिलेल्या ‘अंतर्यामीचा गड’ या अर्थाच्या तिच्या ग्रंथात ती बजावते की असे आवाज देवाकडून येतात, सैतानाकडून येतात आणि स्वतःच्या कल्पनेतूनही येतात. आणि आवाजाने काही गंभीर कृती करायला सांगितलं किंवा तिसऱ्या माणसाचा संबंध आला, तर विद्वान धर्मगुरूच्या सल्ल्याशिवाय पाऊल उचलू नये. मठात कोणी जोगीण तासन्तास तंद्रीत राहू लागली तर तिचे उपास कमी करा आणि तिला कामाला लावा, हा तिचा सल्ला. तिचा सहकारी क्रूसाचा संत योहान याने तर चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आजचं वाक्यच पकडलं. थोडंफार ध्यान जमू लागलेली माणसं मनात उमटलेल्या प्रत्येक शब्दाला देवाचा शब्द समजतात आणि तसं सांगत सुटतात, प्रत्यक्षात ती स्वतःशीच बोलत असतात, असं तो ‘कार्मेल पर्वताची चढण’ या ग्रंथात लिहितो. देवाने आपल्या पुत्रामध्ये सगळं सांगून टाकलं आहे, आणखी संदेश मागणं हा त्या पुत्राचा अवमान आहे, हेही त्याचंच म्हणणं. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने खाजगी साक्षात्कारांबद्दल हीच भूमिका घेतली: त्यांची जागा श्रद्धेच्या ठेव्यात नाही.

या सगळ्या जुन्या, परदेशी गोष्टी आहेत असं कोणाला वाटत असेल तर मदर तेरेसांकडे पाहावं. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना हाक ऐकू आली: लोरेटो मठ सोडून गरिबांतल्या गरिबांची सेवा कर. येशूचा आवाज आपण ऐकला असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. मग त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी मठ सोडला? त्यांनी आपले आध्यात्मिक मार्गदर्शक, येशूसंघाचे फादर व्हॅन एक्सेम, यांना सगळं सांगितलं. त्यांनी थांबायला सांगितलं. कोलकात्याचे आर्चबिशप पेरिए यांच्याकडे विषय गेला. त्यांनीही घाई केली नाही. त्यांनी प्रश्न विचारले, इतरांचा सल्ला घेतला. दरम्यान मदर तेरेसांची बदली आसनसोलला झाली. त्या पत्रांमागून पत्रं लिहीत राहिल्या, आर्जवं करत राहिल्या, पण परवानगीआधी उंबरा ओलांडला नाही. ऑगस्ट 1948 मध्ये, हाक ऐकल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या बाहेर पडल्या. आणि थेट वस्तीत न जाता आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सकडे जाऊन रुग्णसेवा शिकल्या. देवाने पाठवलंय म्हणजे शिकायची गरज नाही, असं त्यांना वाटलं नाही.

पुढची गोष्ट जगाला 2007 मध्ये त्यांची पत्रं छापली गेल्यावर कळली. काम सुरू झालं आणि आवाज बंद झाला. 1958 मधला थोडा काळ सोडला तर 1997 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, त्यांना प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवला नाही. आत रिकामेपण आणि काळोख. पहाटेची मिस्सा, तासाभराची आराधना, कालीघाटच्या निर्मल हृदयमधली मरणोन्मुख माणसं, हे सगळं त्या काळोखात चालू राहिलं. ज्याला आवाज ऐकू येत नाही त्याची श्रद्धा कच्ची, असं शिकवणाऱ्याने मदर तेरेसांचं नाव घेऊन ते वाक्य एकदा पुन्हा म्हणून पाहावं. 4 सप्टेंबर 2016 रोजी चर्चने त्यांना संत घोषित केलं ते त्या काळोखासकट.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पारख करणारे स्वतःच चुकले तर? देवाचे आवाज ऐकणाऱ्या फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कला बिशपच्या न्यायसभेनेच 1431 साली जाळायला पाठवलं. आक्षेप खरा आहे, पण जोनची बाजू पाहा. 1429 मध्ये पॉइटिअर्सला धर्मपंडितांनी तिची आठवडेच्या आठवडे चौकशी केली, ती तिने मान्य केली. रुआंच्या खटल्यात तिने पोपकडे दाद मागितली. ती इंग्रजांच्या दबावाखालच्या न्यायसभेने नाकारली. 1456 मध्ये चर्चनेच तो निकाल रद्द केला. जोन पारखीपासून पळत नव्हती, खरी पारख मागत होती.

आणखी अवघड उदाहरण ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ येगरश्टेटरचं. सांक्त राडेगुंड या खेड्यातला शेतकरी, चर्चची देखभाल करणारा, मुलींचा बाप. 1938 साली त्याला स्वप्न पडलं: एक झगमगती आगगाडी, तिच्यात चढायला धावणारी माणसं, आणि ही गाडी नरकात जाते असं सांगणारा आवाज. हिटलरच्या सैन्यात लढायचं नाही असं त्याने ठरवलं. गावच्या धर्मगुरूने समजावलं, लिंझच्या बिशपने सांगितलं की कुटुंबाचा विचार कर. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तरीही नकार दिला. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. 2007 मध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं गेलं. म्हणजे बिशपविरुद्ध उभं राहणंही देवाच्या आवाजाचं पालन असू शकतं. पण त्याने स्वप्नाच्या भरवशावर निर्णय घेतला नाही. पाच वर्षं वाचलं, प्रार्थना केली, लिहून काढलं, सल्ला घेतला. आणि दुसऱ्या कोणाला तुम्हीही नकार द्या, देवाने मला सांगितलंय, असं म्हटलं नाही. पत्नी आणि मुलींना त्याची झळ लागली आणि तेच दुःख त्याला अखेरपर्यंत सलत राहिलं. पण त्या आवाजातून त्याला स्वतःला मिळाला तो फक्त मृत्यू.

इथे खरी कसोटी सापडते. किंमत कोण मोजतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो? मदर तेरेसा, येगरश्टेटर, झेवियर, सगळ्यांच्या बाबतीत आवाजाने ऐकणाऱ्याकडूनच मागितलं. ‘प्रभूने मला सांगितलं की तू...’ असं वाक्य वळलं की सावध व्हायला हवं. या वळणाचा शेवट कुठे होऊ शकतो ते फ्रान्समध्ये उघड झालं आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी 1964 मध्ये ‘लार्श’ ही संस्था काढणारे जाँ व्हानिए हयात असताना जिवंत संत मानले जात. भारतातही त्यांची ‘आशा निकेतन’ घरं आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर खुद्द लार्शनेच नेमलेल्या अभ्यासगटाने 2023 च्या अहवालात सांगितलं की त्यांनी किमान 25 स्त्रियांना आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून आपल्या लैंगिक वर्तनात ओढलं आणि त्याला गूढ धार्मिक अर्थ दिला. त्यांचे गुरू तोमा फिलिप यांना याच कारणासाठी रोमने 1956 मध्येच दोषी ठरवलं होतं. पवित्र मानलेल्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं त्या स्त्रियांना सोपं नव्हतं.

व्हॅटिकनने 17 मे 2024 रोजी अलौकिक घटनांच्या पारखीचे नवे नियम जाहीर केले, त्यांत याची दखल आहे: दैवी अनुभवाचा दावा करून माणसांवर ताबा मिळवणं किंवा अत्याचार करणं ही विशेष गंभीर नैतिक बाब मानावी, असं ते सांगतात. त्याच नियमांनुसार बिशपही आता एखादी घटना अलौकिक असल्याचं सहसा जाहीर करत नाही. फार तर ‘हरकत नाही’ एवढंच म्हणतो. जिथे दर्शनस्थळांच्या बाबतीत चौकशी करून बिशप इतका जपून बोलतो, तिथे मंगळवारच्या प्रार्थनासभेत कोणी एका बाईच्या लग्नाबद्दल छातीठोक संदेश देतो, हे कसं चालतं?

औषधांचा प्रश्न तर जीवनमरणाचा. प्रार्थनेने बरं वाटलं, आता गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, ही भाषा कॅथलिकाच्या तोंडी शोभत नाही, कारण कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे. त्याच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलं आहे, औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली आणि शहाण्याने ती नाकारू नयेत असं म्हटलं आहे. आधी प्रार्थना कर, मग वैद्याला जागा दे, असा तिथला क्रम आहे. सप्टेंबर 2000 मध्ये रोमने आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल जी सूचना काढली, तिनेही अशा सभांतला उन्माद आणि सनसनाटी टाळायला बजावलं आहे. त्या पत्रकावर सही कार्डिनल रॅट्झिंगर यांची होती, पुढे तेच पोप सोळावे बेनेडिक्ट झाले.

मुलांच्या आयुष्याबद्दल आईबापांना मिळणाऱ्या संदेशांचंही असंच. 1983 च्या धर्मसंहितेचं 219 वं कलम सांगतं की जीवनमार्ग निवडताना कोणत्याही जबरदस्तीपासून मुक्त असणं हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क आहे. मुलाच्या जन्माआधी केलेला नवस, आईला पडलेलं स्वप्न, गटप्रमुखाला मिळालेलं वचन, यांतलं काहीही त्या हक्काच्या वर नाही.

मग सामान्य कॅथलिकाने रोजच्या जगण्यात देवाचा आवाज ऐकायचा तरी कुठे? इग्नाशियसचं उत्तर व्यवहारी होतं. अभ्यासामुळे त्याच्या येशूसंघातल्या विद्यार्थ्यांना लांब प्रार्थनेला वेळ मिळाला नाही तरी चालेल, पण आत्मपरीक्षण चुकवायचं नाही असा त्याचा आग्रह होता. दिवस सरताना दहापंधरा मिनिटं बसायचं. आज काय मिळालं त्याचे आभार, आज मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं, कोणाशी कठोर बोललो, उद्या काय करायचं. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्या बाईला हे गाडीतही करता येतं. निर्णयाच्या वेळी तो सांगतो: मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. पूर्ण अनोळखी माणसाने हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे यावं, तर त्याला काय सल्ला द्याल ते पाहा. मृत्यूच्या घडीला आपण काय निवडलं असतं म्हणून समाधान वाटेल तेही पाहा. शांत मनाने दोन्ही बाजू मांडून विचार करणं ही देवाची इच्छा शोधण्याची त्याने सांगितलेल्या तीन रीतींपैकी एक रीत आहे. बुद्धी देवानेच दिली आहे. आणि लग्नासारखं जे वचन एकदा देऊन बसलो, ते मोडण्यासाठी नवा आवाज शोधायचा नाही, हेही त्याने ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवलं.

दुसरी जागा सदसद्विवेकाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सदसद्विवेकाला माणसाचा अंतरतम गाभारा म्हटलं, जिथे तो देवासमोर एकटा असतो. हा आवाज बहुधा गैरसोयीचा असतो आणि त्याला आकाशवाणीची गरज पडत नाही. वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला तो विहिरी उपसणारे टँकर, बांधकामांखाली जाणाऱ्या वाड्या आणि गुंडांची दहशत डोळ्यांनी पाहून. धमक्या आल्या, तरी ‘सुवार्ता’ मासिकाच्या या संपादकाची लेखणी थांबली नाही. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाल्यावरही आणि जुलै 2024 मध्ये त्यांचं निधन झाल्यावरही महाराष्ट्राने आवर्जून आठवला तो हाच लढा. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आटतंय हे ऐकू येणं, ही देवाचा आवाज ऐकण्याची साधीसुधी कॅथलिक रीत आहे.

प्रार्थनागट चालवणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे. लग्न, पैसा, औषध आणि जीवनमार्ग या चार विषयांवर कोणालाही व्यक्तिगत संदेश माईकवरून देऊ नका आणि देऊ देऊ नका. पौलाने सांगितलेली पारख तुमच्या गटात कोण करतं ते ठरवा आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी वर्षातून एकदा तरी प्रवचनात विवेकाचे हे नियम समजावून सांगावेत. ज्याला कोणी ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलं’ असं म्हणेल त्याने नम्रपणे उत्तर द्यावं की प्रभूला मलाही सांगू दे, तोवर मी थांबतो. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये. आणि वर्षानुवर्षं मिस्सेला जाऊन, जपमाळ हातात धरून ज्यांना काहीच ऐकू आलेलं नाही, पण जे आजारी सासूचं अंथरूण बदलतात, खोटी सही करायला नकार देतात, भांडलेल्या भावाला फोन करतात, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. ते देवाचं ऐकतच आहेत.